जिताडा व हेकरू : माशाचे वजन आणि पुढील वर्षांची पैदास

ठाणे शहराच्या पश्चिम भागात, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी वागळे इस्टेट ही औद्योगिक वसाहत आहे. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. त्या महामंडळाच्या आरंभीच्या औद्योगिक क्षेत्रांत या वसाहतीची गणना होते. कारखान्यांमागोमाग कामगार आले, चाळी व इमारती उभ्या राहिल्या आणि मासळीला मोठे गिऱ्हाईक निर्माण झाले. याच शहराच्या पूर्व बाजूस ठाण्याची खाडी असून तिच्या काठी चेंदणीसारखे जुने कोळीवाडे आहेत. वसाहतीतील गिऱ्हाईक कोणत्या वजनाचा मासा मागते आणि खाडीत कोणत्या वजनाचा मासा शिल्लक राहतो, या दोन गोष्टींचा निकट संबंध आहे. ठाणे, रायगड व पालघर या जिल्ह्यांतील खाजणांच्या शेतकऱ्यांनी आणि त्यांच्यात काम करणाऱ्या ग्रामसेवकांनी हा संबंध नीट समजून घेणे अगत्याचे आहे. त्यासाठी जिताडा व हेकरू या दोन माशांचा अभ्यास उपयोगी पडेल.

१. दोन माशांची ओळख

हेकरू हा समुद्रातील खडकाळ जागी राहणाऱ्या एका मोठ्या गटातील मासा होय. या गटाला शास्त्रज्ञ पूर्वापार 'सेरानिडी' या कुलनामाने ओळखत आले आहेत. उष्ण समुद्रांत या गटातील सुमारे पाचशे जाती आढळतात. अंग जाडसर व भरीव, तोंड मोठे, खालचा जबडा किंचित पुढे आलेला, कल्ल्याच्या झाकणावर तीन काटे आणि पाठीवरील पर एकसलग, ही या गटाची ढोबळ लक्षणे होत. आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात येणाऱ्या हेकरूच्या अंगावर गडद उभे पट्टे असतात व तो आकाराने बेताचा असतो. याच गटातील मोठ्या जातींना आपले कोळी गोबरा म्हणतात. गटातील सर्वांत मोठा मासा महाकाय गोबरा असून त्याची लांबी अडीच मीटरपेक्षा जास्त व वजन ४०० किलोपर्यंत होऊ शकते. हा मासा २००१ साली वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या संरक्षित यादीत समाविष्ट करण्यात आला. तो चुकून जाळ्यात आल्यास जिवंत सोडून द्यावा व वनखात्यास कळवावे.

जिताडा हा खाडीचा मासा आहे. इंग्रजीत त्याला 'सी-बास' म्हणतात. हेकरूच्या गटातील अनेक माशांनाही हेच नाव असल्यामुळे दोन्ही मासे एकाच कुलातील आहेत, असा समज होतो. प्रत्यक्षात जिताड्याचे 'लेटिडी' हे कुल वेगळे असून आफ्रिकेतील नाईल पर्च हा मासा त्याच्या जवळच्या नात्यातील आहे. जिताड्याचे शरीर लांबट व डोके टोकदार असते. डोळ्यांवरचा भाग किंचित दबलेला व पाठ उंचावलेली असते. पोट रुपेरी व शेपूट गोलसर असते. पाठीवरील पराच्या मध्यभागी खोल खाच असते, त्यामुळे तो दोन भागांचा दिसतो. हेकरूचा पर सलग व जिताड्याचा खाचेचा, एवढी खूण लक्षात ठेवली तरी दोहोंची गल्लत होणार नाही.

कुले निराळी असली तरी दोन्ही मासे शिकारी वृत्तीचे आहेत. दोघेही दबा धरून राहतात आणि सावज टप्प्यात येताच तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतात. दोघांनाही बाजारात चांगला भाव मिळतो. परंतु या पाठाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्वाचे साम्य निराळेच आहे. दोहोंमध्येही वाढीबरोबर लिंग बदलते.

२. नर-मादीचा क्रम

गाय जन्मतः गाय व बैल जन्मतः बैल असतो. शेतकऱ्याला हाच नियम परिचित असल्यामुळे मासळीतही तसेच असावे, असे तो धरून चालतो. बहुतेक माशांना हा नियम लागू पडतो. जिताडा व हेकरू मात्र त्यास अपवाद आहेत.

जिताडा प्रथम नर म्हणून वयात येतो. साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी, दोन ते तीन किलो वजनाच्या सुमारास तो नराचे काम करू लागतो. एक-दोन हंगाम गेल्यावर पुढे त्याच माशाच्या शरीरात पालट होतो आणि तो मादी बनतो. सामान्यतः चार-पाच किलोंच्या पुढील मोठे जिताडे माद्या असतात. काही थोडे मासे आरंभापासूनच मादी असू शकतात, परंतु सर्वसाधारण क्रम प्रथम नर व मागाहून मादी असा आहे. पापुआ न्यू गिनी येथील अभ्यासातून १९७९ साली हा बदल सविस्तर मांडण्यात आला.

हेकरूच्या गटातील बहुतेक जातींत क्रम याच्या नेमका उलट असतो. मासा प्रथम मादी म्हणून वयात येतो व पुढे मोठा झाल्यावर त्यातील काहींचे नरात रूपांतर होते. म्हणजे मोठे हेकरू बहुधा नर असतात. सेरानस या वंशातील काही लहान मासे तर एकाच वेळी नर व मादी अशा दोन्ही अवस्थांत असतात.

यावरून पुढील निष्कर्ष निघतो. या माशांच्या बाबतीत वजन हे केवळ भाव ठरविण्याचे साधन नाही. वजनावरूनच मासा नर आहे की मादी, आणि तो एकदा तरी व्याला आहे किंवा नाही, याचा अंदाज येतो. खाडीतून एकाच आकाराचे जिताडे सतत काढून घेतले तर त्या आकाराबरोबर एक संपूर्ण लिंगही खाडीतून नाहीसे होऊ लागते.

हे एका कल्पित हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, एका खाडीत १०० जिताडे आहेत. त्यांपैकी ६० एक किलोच्या आतील, ३० दोन-तीन किलोंचे आणि १० पाच किलोंपुढील आहेत. बारीक आसाच्या जाळ्याने ते ६० काढले तर पुढील दोन-तीन वर्षांत नर होणारे मासे संपतात आणि त्यानंतर माद्या होणारेही उरत नाहीत. मोठ्या गळांनी वा रुंद आसाच्या जाळ्याने ते १० काढले तर बहुतेक सर्व माद्या एका हंगामात जातात आणि उरलेल्या ३० नरांना जोडी मिळत नाही. १०० पैकी १० म्हणजे अल्प, असे वाटणे साहजिक आहे. परंतु खाडीचे बियाणे त्या १० माशांच्या पोटात असते. घरातील धान्य थोडे असले तरी शेतकरी बियाण्याची कणगी फोडत नाही, त्याच न्यायाने या मोठ्या माद्यांकडे पाहावे.

३. जिताड्याचा जीवनक्रम

जिताडा गोड्या, मचूळ व खाऱ्या अशा तिन्ही प्रकारच्या पाण्यांत जगतो व वाढतो. मात्र त्याचे प्रजनन खाऱ्या पाण्यावाचून होत नाही. वयात आलेले मासे खाडीच्या मुखाकडे उतरतात. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास, उधाणाच्या भरतीत ते अंडी सोडतात. एक मोठी मादी लक्षावधी अंडी देते. अंडे जेमतेम ०.८ मिलिमीटर असते. २६ ते २८ अंश सेल्सिअस उष्णतेत ते सतरा-अठरा तासांत फुटते.

बाहेर पडलेले सूक्ष्म जीव भरतीबरोबर आत येतात व कांदळवनांत, खाजणांत, उथळ डबक्यांत आसरा घेतात. तेथे त्यांना सूक्ष्म जीव, जवळा व बारीक मासळी खावयास मिळते. पुढे ते खाडीने वर चढून नद्यांच्या गोड्या पाण्यातही शिरतात, काही वर्षे तेथे वाढतात आणि वयात आल्यावर पुन्हा मुखाकडे परततात.

वागळे इस्टेटमध्ये रायलादेवी तलाव आहे. चारी बाजूंनी बंद असलेल्या अशा गोड्या पाण्याच्या तलावात जिताड्याचे बोटुकले सोडले तर ते वाढू शकेल, परंतु तेथे त्याची पैदास होणार नाही. कारण समुद्राकडे जाण्याचा मार्ग त्यास नाही. गावतळ्यात एकदा जिताडा सोडला म्हणजे तो आपोआप वाढत राहील, असा समज काही ठिकाणी असतो. तो चुकीचा आहे. रोहू-कटल्याप्रमाणेच जिताड्याचे बीजही बाहेरून आणावे लागते.

कांदळवनाचे महत्त्वही यातून ध्यानात येईल. कांदळवन म्हणजे जिताड्याचा पाळणा आहे. ते तोडून भराव टाकला की खाडीच्या मुखाशी कितीही अंडी पडली तरी पिलांना आसरा उरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनांच्या तोडीस मनाई करणारा आदेश दिला. राज्यात २०१२ साली स्वतंत्र कांदळवन कक्षही स्थापन झाला.

४. हेकरूचा जीवनक्रम

हेकरू व गोबरे खडपी, प्रवाळ व बुडालेल्या जहाजांचे सांगाडे अशा जागी कपारीत राहतात. मोठ्या जातींची वाढ मंद असते व त्या दीर्घायुषी असतात. अनेक जाती वर्षातील ठराविक दिवसांत, चंद्राच्या कलेनुसार, ठरलेल्याच जागी मोठ्या संख्येने जमून अंडी सोडतात. हा मेळा हीच त्यांची शक्ती आणि हीच त्यांची दुर्बलता होय. जागा व तिथी एकदा कळली की थोड्या फेऱ्यांत सारा मेळा पकडता येतो.

कॅरिबियन समुद्रातील लिटल केमन या बेटाजवळ २००१ साली नासाऊ हेकरूचा असा मेळा मासेमारांस सापडला. तेथे सुमारे ७,००० मासे जमत होते. दोन हंगामांत त्यांपैकी सुमारे ४,००० पकडले गेले. २००३ साली सरकारने त्या जागी विणीच्या काळातील मासेमारी बंद केली. स्थानिक मासेमारांचे साहाय्य घेऊन मोजणी चालू ठेवण्यात आली. काही वर्षे संख्या जवळजवळ स्थिर राहिली. पुढे हळूहळू वाढत जाऊन २०१८ पर्यंत ती पुन्हा सुमारे ७,००० वर आली. जे दोन हंगामांत गेले ते भरून येण्यास पंधरा वर्षे लागली. हानी त्वरित होते व भरपाई विलंबाने होते, हा या उदाहरणाचा बोध आहे. योग्य जागी व योग्य काळात हात आवरला तर भरपाई होते, हाही त्यातील तितकाच महत्त्वाचा बोध आहे.

५. बाजाराची मागणी व खाडीचे हित

औद्योगिक वसाहतीतील कुटुंब साधारणपणे एका वेळेच्या गरजेपुरता मासा घेते. अर्धा किलो ते एक किलो वजनाचा मासा त्याच्या खिशाला व भांड्याला सोयीचा असतो. उलट मेजवानीसाठी, भेट देण्यासाठी वा खाणावळींसाठी मोठ्या माशाची मागणी असते. अशा रीतीने बाजार दोन्ही टोकांनी ओढतो. एक टोक वयात न आलेले जिताडे मागते व दुसरे टोक माद्या मागते.

यावर उपाय म्हणून गिऱ्हाइकास मासा खाऊ नये असे सांगणे व्यवहार्य नाही. लहान माशाची मागणी तळ्यांतून पुरविणे हा खरा उपाय होय. तळ्यातील जिताडा एक किलोचा झाल्यावर काढला तरी खाडीच्या पैदाशीचे काही बिघडत नाही, कारण तो तळ्यात तसाही विणार नव्हता. खाडीतील एक किलोचा जिताडा काढला तर मात्र एक भावी नर व त्याच्याच रूपाने एक भावी मादी नाहीशी होते. तराजूत दोन्ही मासे सारखेच भरतात, परंतु पुढील वर्षांच्या हिशेबात त्यांची किंमत सारखी नाही.

हा लाभ मिळविण्यासाठी एक अट आहे. तळ्यात सोडावयाचे बीज खाडीतून ओरबाडून आणलेले नसावे. पावसाळ्यात बारीक जाळ्यांनी खाडीतील पिले गोळा करून तळ्यात सोडण्याची पद्धत जुनी आहे. थोड्या घरांपुरती ती चालत असे तोवर खाडीवर भार पडत नसे. व्यापारी प्रमाणावर मात्र ती घातक ठरते. बारीक जाळ्यात जिताड्याच्या एका पिलाबरोबर इतर जातींची असंख्य पिले नष्ट होतात.

६. तळ्यातील जिताडा

रायगड जिल्ह्यात, विशेषतः अलिबाग तालुक्यातील शहापूर-धेरंड परिसरात, भातखाचरांच्या व घरांच्या शेजारी तळे राखून त्यात जिताडा वाढविण्याची परंपरा आहे. खारभूमीच्या बांधाआड पावसाचे पाणी साठते, त्यात बारीक मासळी आपोआप वाढते व तिच्यावर जिताडा पोसला जातो. भाताबरोबर मासा हा जोडधंदा येथील शेतकऱ्याने स्वतःच्या अनुभवाने सिद्ध केला आहे. त्यास आजच्या शास्त्राची जोड दिल्यास उत्पन्न अधिक भरवशाचे होईल.

(क) बीज : चेन्नई येथील केंद्रीय खारे जल मत्स्यपालन संस्थेने १९९७ साली भारतात प्रथम जिताड्याचे बीज उबवणी केंद्रात तयार केले. तेव्हापासून तमिळनाडूतून उबवणी केंद्राचे बीज मिळू शकते. खरेदीपूर्वी बीज रोगमुक्त असल्याची तपासणी करून घ्यावी. बीज खाऱ्या पाण्यात वाढलेले असते. गोड्या पाण्याच्या तळ्यात सोडावयाचे असल्यास काही दिवसांत क्रमाक्रमाने खारटपणा कमी करावा. एकदम सोडल्यास मर होते.

(ख) रोपवाटिका : एक-दोन सेंटिमीटरचे पिलू सरळ मोठ्या तळ्यात सोडू नये. बारीक जाळीच्या हाप्यात अथवा लहान टाकीत तीस ते पंचेचाळीस दिवस वाढवून आठ-दहा सेंटिमीटरचे बोटुकले करावे. या काळात सर्वांत मोठा धोका भावंडांचाच असतो. जिताड्याचे पिलू आपल्या लांबीच्या सुमारे दोन-तृतीयांश लांबीचे दुसरे पिलू गिळू शकते. म्हणून दर तीन ते पाच दिवसांनी आकारानुसार निवड करून लहान, मध्यम व मोठी पिले वेगळी ठेवावीत. हे काम टाळले तर शंभरांतील बरीचशी पिले थोड्या पिलांच्या पोटात जातात आणि शेतकरी मात्र बीज खराब निघाले असे समजतो.

(ग) तळ्याची तयारी : उन्हाळ्यात तळे पूर्ण सुकवावे. तळाच्या मातीची परीक्षा करून तिच्या आम्लतेप्रमाणे चुना द्यावा. तळे सुकविणे शक्य नसेल तर नको असलेले मासे काढण्यासाठी, पाणी एक मीटर खोल असताना, हेक्टरी २,००० ते २,५०० किलो मोहाची पेंड टाकावी व तिचा विषारी परिणाम संपेपर्यंत दोन ते तीन आठवडे थांबावे. पाण्याची खोली दीड मीटरच्या आसपास असावी. उघाडीला मजबूत जाळी बसवावी. पाण्याचा सामू ७.५ ते ८.५ व विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान चार ते पाच मिलिग्रॅम राहील, अशी दक्षता घ्यावी. ढगाळ दिवशी पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागले तर प्राणवायू कमी झाला असे समजून ताबडतोब ताजे पाणी सोडावे.

(घ) खाद्य : परंपरेने तिलापिया व इतर बारीक मासळी खाद्य म्हणून दिली जाते. एक किलो जिताडा तयार होण्यास अशी पाच ते सात किलो मासळी लागते. कारखान्यात तयार केलेले तरंगते कोरडे खाद्य असल्यास सुमारे दीड ते दोन किलो पुरते. कोरडे खाद्य महाग वाटते, परंतु हिशेब मांडल्याशिवाय ते टाकून देऊ नये. शिळी मासळी टाकल्यास पाणी नासते व रोग होतात. खाद्य सकाळी व सायंकाळी, एकाच जागी, थोडे थोडे द्यावे. मासे वर येऊन खाईनासे झाले की देणे थांबवावे.

(ङ) काढणी : चांगली निगा असल्यास वर्षभरात मासा किलोच्या आसपास जातो. सर्व मासे एकाच दिवशी न काढता गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे टप्प्याटप्प्याने काढावेत. त्यामुळे भाव पडत नाही व उरलेल्यांना वाढीस जागा मिळते.

किनाऱ्यालगतच्या खाऱ्या व मचूळ पाण्यातील मत्स्यशेतीस २००५ च्या तटीय जलकृषी प्राधिकरण अधिनियमाखाली नोंदणी आवश्यक असते. तळे खोदण्यापूर्वी जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी. कांदळवन तोडून तळे करू नये. त्यात कायद्याचा भंग होतो आणि आपल्याच धंद्याचा पाळणा मोडतो.

हेकरूच्या शेतीसंबंधीही विचारणा होते. नारिंगी ठिपक्यांच्या गोबऱ्याचे बीज तयार करण्यात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या विशाखापट्टणम केंद्रास यश आले आहे. परंतु हे काम अवघड व खर्चाचे आहे. गावपातळीवरील शेतकऱ्याने आरंभ जिताड्यापासून करणे श्रेयस्कर.

७. दोन्ही टोकांना मर्यादा

जिताड्याला ऑस्ट्रेलियात बारामुंडी म्हणतात. तेथील क्वीन्सलँड राज्यात ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान बारामुंडी ठेवता येत नाही आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठाही ठेवता येत नाही. लहान मासा सोडण्याचा नियम जगात अनेक ठिकाणी आहे. मोठाही सोडण्याचा नियम मात्र माशाचा लिंगबदल समजल्याखेरीज सुचत नाही. लहान मासा सोडल्याने नर तयार होतात व मोठा सोडल्याने माद्या टिकतात. मधल्या आकाराचा मासा मासेमाराच्या वाट्यास येतो. याखेरीज विणीच्या महिन्यांत तेथे बारामुंडीची मासेमारी बंद असते.

महाराष्ट्रात १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम लागू आहे व २०२१ साली त्यात महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. पावसाळ्यात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते व तिच्या तारखा शासन जाहीर करते. २०२३ साली राज्य शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर लांबी ठरवून दिली. ही यादी प्रत्येक किनारी ग्रामपंचायतीच्या फलकावर असावी. मोठ्या जिताड्याच्या बाबतीत गावाने स्वतः ठराव करून, विशेषतः पावसाळी उधाणांच्या दिवसांत, पाच किलोंपुढील जिवंत मासा सोडण्याची रीत पाडल्यास ते खाडीवर उपकारक होईल.

८. खाडीचे पाणी

ठाण्याची खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब आहे. तिच्या दोन्ही काठांवर मुंबई, ठाणे व नवी मुंबई ही शहरे व औद्योगिक पट्टे आहेत. घरगुती व औद्योगिक सांडपाण्याने खाडीतील मासळी पूर्वीपेक्षा घटली, हा काठच्या कोळीबांधवांचा अनुभव आहे. नासके पाणी आले की प्राणवायू घटतो. मोठा मासा दूर जाऊ शकतो, परंतु डबक्यातील पिलू जाऊ शकत नाही.

तरीही ही खाडी मृत झालेली नाही. तिच्यातील काही भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली ठाणे खाडीस रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. ज्या चिखलात लाखो जीव वाढतात म्हणून पक्षी येतात, त्याच चिखलाच्या काठी जिताड्याची पिले पोसली जातात. येऊरच्या उतारावरून वागळे इस्टेटमार्गे वाहणारे पावसाचे पाणी पूर्वेकडील खाडीकडेच जाते. त्या पाण्यात तेल, रंग वा रसायन मिसळू न देणे हे कारखानदाराचे, आणि कचरा न टाकणे हे नागरिकाचे कर्तव्य होय. वसाहतीने वरच्या अंगाला पाणी राखले तर खालच्या अंगाला खाडी तिला मासळी देईल.

९. ग्रामसेवकांनी करावयाची कामे

(१) गावातील खाजणे, तळी, उघाड्या व कांदळवने यांची यादी करावी. कोणत्या तळ्यात वर्षभर पाणी टिकते, ते नोंदवावे.

(२) जिताडा पाळणाऱ्या अनुभवी शेतकऱ्यांची व नवीन शेतकऱ्यांची एकत्र बैठक घ्यावी. बीज कोठून आणले, किती जगले, खाद्य किती लागले, या तीन गोष्टींची नोंदवही प्रत्येकाकडून ठेववून घ्यावी.

(३) एकेकट्याने बीज मागविल्यास वाहतूक महाग पडते. पाच-दहा जणांनी मिळून किंवा सहकारी संस्थेमार्फत उबवणी केंद्राचे बीज मागविण्याची व्यवस्था करावी.

(४) मासळी उतरविण्याच्या जागी एक लाकडी पट्टी व एक वजनकाटा ठेवावा. आठवड्यातून एक दिवस जिताड्यांची लांबी व वजने लिहून घ्यावीत. वर्षअखेरीस लहानांचे व पाच किलोंपुढच्यांचे प्रमाण किती होते, ते ग्रामसभेत वाचून दाखवावे.

(५) प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून नेमलेले सागरमित्र ज्या गावी असतील, तेथे त्यांचे साहाय्य घ्यावे.

(६) मासे मेलेले आढळल्यास त्या दिवसाची तारीख, भरतीची वेळ व पाण्याचा रंग लिहून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या व मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयास त्वरित कळवावे. केवळ तोंडी तक्रारीपेक्षा लिहिलेल्या नोंदीचा उपयोग अधिक होतो.

चर्चेसाठी प्रश्न

१. खाडीतील एक किलोचा जिताडा व तळ्यातील एक किलोचा जिताडा यांत पैदाशीच्या दृष्टीने कोणता फरक आहे?

२. सर्व मोठे जिताडे पकडले गेले तर कोणते लिंग कमी होईल? सर्व मोठे हेकरू पकडले गेले तर कोणते?

३. बंद तळ्यात जिताडा वाढतो, परंतु वीत नाही. याचे कारण काय?

४. रोपवाटिकेत पिलांची आकारानुसार निवड न केल्यास काय होते?

५. आपल्या गावाच्या खाडीत पाच किलोंवरील जिताडा शेवटचा केव्हा सापडला? वडीलधाऱ्या कोळीबांधवांना विचारून त्यांची उत्तरे लिहून आणावीत व पुढील बैठकीत त्यांवर विचार करावा.